फुप्फुसाच्या बायॉप्सीत इतकं ‘पॉझिटिव्ह’ का, आणि पीडी-एल१ ७० टक्के म्हणजे नेमकं काय?

चिंचवडहून एका मुलीने वडिलांचा रिपोर्ट पाठवला आहे. वय ६३, आयुष्यात विडी-सिगारेट नाही. तीन महिने खोकला, त्यातला दीड महिना टीबी समजून गोळ्या, मग सीटी आणि मग सुईने काढलेला तुकडा. रिपोर्टवर लिहिलंय : अ‍ॅडेनोकार्सिनोमा, टीटीएफ-१ पॉझिटिव्ह, नॅप्सिन ए पॉझिटिव्ह, पी४० निगेटिव्ह, एएलके निगेटिव्ह, पीडी-एल१ ७० टक्के, ईजीएफआर तपासणी बाकी. तिचे प्रश्न तीन. एवढं पॉझिटिव्ह आलंय म्हणजे फार पसरलाय का? ७० टक्के म्हणजे कशाचे ७० टक्के? आणि एक काका म्हणतात, ‘७० आहे तर इम्युनोथेरपी आजच सुरू करा, ईजीएफआरसाठी दहा दिवस कशाला घालवता?’ तर काय करायचं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. थांबा. ईजीएफआर या जनुकाच्या तपासणीचा रिपोर्ट हातात येईपर्यंत इम्युनोथेरपी सुरू करू नका. बाबांना धाप लागत असेल, थांबणं शक्यच नसेल, तर ऑन्कॉलॉजिस्ट पहिली सायकल नुसत्या केमोथेरपीची देऊ शकतात आणि रिपोर्ट आल्यावर पुढचं ठरवू शकतात. असं पुष्कळदा करतात. कारण खाली सांगते, पण त्यासाठी ही अक्षरं काय आहेत ते कळायला हवं.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. पुण्यात चोवीस वर्षं हेच काम करते. रुग्ण मला सहसा भेटत नाहीत, त्यांचा मेणाचा ब्लॉक भेटतो. सुईने काढलेला तुकडा शेवईच्या काडीएवढा असतो. तो आधी फॉर्मलिनमध्ये मुरतो, मग मेणात बसवला जातो आणि मग त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढून काचेवर चढवले जातात. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात पेशी कॅन्सरच्या आहेत हे बहुतेक वेळा दिसतं. पण त्या कुठल्या घरच्या हे कधीकधी नुसत्या चेहऱ्यावरून सांगता येत नाही. तेव्हा पुढच्या कापावर एखाद्या ठरावीक प्रथिनालाच चिकटणारी अँटिबॉडी टाकतात. ते प्रथिन पेशीत असेल तर तिथे तपकिरी रंग उमटतो. याला आम्ही आयएचसी म्हणतो. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे तपकिरी दिसलं, इतकंच. ते चांगलं की वाईट, हे त्या शब्दात नसतं. कॅन्सर किती पसरलाय हे तर त्यात मुळीच नसतं. ते पेट स्कॅन आणि मेंदूच्या एमआरआयवरून ठरतं.

आपल्याकडे आडनावाच्या शेवटच्या ‘कर’वरून गाव कळतं, टीटीएफ-१ हे तसलं आडनाव आहे. हे प्रथिन फुप्फुसाच्या आणि थायरॉइडच्या पेशींच्या केंद्रकात असतं. फुप्फुसाच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमात दहापैकी सात-आठ वेळा ते सापडतं. नॅप्सिन ए त्याच गावचं, पण ते पेशीच्या गाभ्याबाहेर दाणेदार दिसतं. दोन्ही पॉझिटिव्ह आणि पी४० निगेटिव्ह, म्हणजे गाठ फुप्फुसातच उगम पावलेली आहे आणि ग्रंथींच्या पेशींपासून होणाऱ्या अ‍ॅडेनो प्रकारची आहे. तुमच्या बाबांच्या रिपोर्टमधली ही तीन अक्षरं एवढंच सांगतात. भ्यायचं काही नाही, नाव लागलं इतकंच.

अर्थात सगळेच नाशिककर नाशिकला राहत नाहीत. थायरॉइडच्या गाठीतही टीटीएफ-१ येतं, आणि फुप्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरमध्येही ते बहुतेकदा असतं. उलट, फुप्फुसातच जन्मलेल्या काही म्यूसिनस (चिकट स्राव करणाऱ्या) गाठींमध्ये ते नसतं आणि आतड्याच्या कॅन्सरची म्हणून ओळखली जाणारी सीके२०, सीडीएक्स२ ही प्रथिनं असतात. अशा वेळी स्लाइड बघून मत ठरत नाही, पोटाचा सीटी आणि कोलोनोस्कोपी बघावी लागते. नॅप्सिनची आणखी एक खोड म्हणजे फुप्फुसातल्या सफाई कामगार पेशी, मॅक्रोफेज, त्याही तपकिरी होतात. नव्या विद्यार्थ्याला हमखास फसवणारी जागा.

मग हे नाव इतक्या काटेकोरपणे लावायचं कशासाठी? मी शिकत होते तेव्हा ‘स्मॉल सेल’ आणि ‘नॉन-स्मॉल सेल’ एवढं लिहिलं की आमचं काम संपायचं, कारण नॉन-स्मॉल सेलमधल्या सगळ्या प्रकारांना औषधं तीच होती. नंतर बिव्हॅसिझुमॅब हे औषध आलं आणि स्क्वॅमस, म्हणजे चपट्या पेशींच्या, प्रकारात त्याने फुप्फुसातून जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो हे कळलं. पेमेट्रेक्सेड हे केमोचं औषध अ‍ॅडेनोमध्ये उपयोगी, स्क्वॅमसमध्ये नाही, हेही कळलं. तेव्हापासून ‘नॉन-स्मॉल सेल’ एवढंच लिहून सही करणं म्हणजे पत्त्यावर फक्त ‘सदाशिव पेठ’ लिहून पाकीट टाकण्यासारखं झालं. २०१५च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणाने छोट्या बायॉप्सीतही आयएचसी वापरून प्रकार ठरवावा हे रीतसर घातलं. पी४० हे स्क्वॅमसचं चिन्ह. त्याआधी पी६३ वापरायचो. पण ते अ‍ॅडेनोमध्येही बऱ्याचदा उमटायचं आणि घोळ व्हायचा. तुमच्या रिपोर्टमध्ये पी४० आहे, पी६३ नाही, म्हणजे लॅब जुन्या सवयीवर चालत नाही.

नावाच्या बाबतीत एक प्रसंग सांगते. एका बाईंच्या फुप्फुसाचा तुकडा आला, फॉर्मवर फक्त ‘गाठ, उजवं फुप्फुस’. टीटीएफ-१ निगेटिव्ह, नॅप्सिन निगेटिव्ह, पी४० निगेटिव्ह. काप संपत आले. शेवटी घरी फोन केला. मुलगा सहज म्हणाला, ‘अकरा वर्षांपूर्वी आईचं स्तनाचं ऑपरेशन झालं होतं, पण ते तर बरं झालं ना!’ पुढच्या कापावर गाटा३ आणि ईआर ही स्तनाकडची चिन्हं, दोन्ही झगझगीत तपकिरी. फुप्फुसातला दिसत होता तो स्तनाचा कॅन्सर होता, आणि उपचार पूर्ण वेगळे. ती ओळ फॉर्मवर असती तर निम्मा तुकडा वाचला असता. तेव्हा घरातली जुनी ऑपरेशनं, अगदी ‘ते काही विशेष नव्हतं’ म्हणावीत अशीसुद्धा, डॉक्टरांना सांगा.

आता दुसऱ्या जातीची चिन्हं. ही नाव सांगत नाहीत, औषध सांगतात. एएलके त्यातलं सगळ्यात सरळ. २००७ साली जपानमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की काही फुप्फुसांच्या गाठींत ईएमएल४ आणि एएलके ही दोन जनुकं तुटून एकमेकांना जोडलेली असतात. निरोगी फुप्फुसात एएलके प्रथिन नसतंच. त्यामुळे डी५एफ३ नावाच्या अँटिबॉडीने काप गडद तपकिरी झाला तर दुसरं कारण बहुधा नसतं, आणि त्या एका स्लाइडवर औषध सुरू करता येतं. अशा गाठी शंभरात तीन ते पाच. पण ज्यांना ती सापडते त्यांचं नशीब खरंच बदललं आहे. लोर्लॅटिनिब या एएलकेवरच्या औषधाच्या मोठ्या चाचणीत ते औषध घेणाऱ्यांपैकी साधारण ६० टक्के रुग्णांचा आजार पाच वर्षांनंतरही पुढे सरकलेला नव्हता, आणि हे चौथ्या टप्प्याच्या कॅन्सरबद्दल आहे. मी या धंद्यात आले तेव्हा असं वाक्य कुणी बोललं असतं तर आम्ही त्याच्याकडे बघत राहिलो असतो. बाबांचा एएलके निगेटिव्ह आहे, तेव्हा तो दरवाजा बंद.

आरओएस१ तुमच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही. तो विचारा. शंभरात एक-दोन जणांत सापडतो, आणि सिगारेट न ओढणाऱ्यांत शोधण्यासारखा आहे. मात्र इथे आयएचसी फक्त चाळणी आहे. निगेटिव्ह आलं तर बहुधा विषय संपला. पॉझिटिव्ह आलं तर फिश किंवा एनजीएस या जनुकांच्या तपासण्यांनी खात्री करावी लागते, कारण गाठीभोवतीच्या चिडलेल्या साध्या पेशीही थोड्या तपकिरी होतात.

ईजीएफआरचा रिपोर्ट बाकी का, तो पण रंग टाकून दोन दिवसांत का देत नाहीत, हे लोक मला फार विचारतात. इथे गंमत आहे. ईजीएफआर हेही प्रथिनच, आणि एके काळी आम्ही ते स्लाइडवर मोजतही होतो. गाठीत ते किती आहे यावरून गेफिटिनिब या गोळीचा उपयोग होईल असं वाटायचं. झालं नाही. २००४मध्ये कळलं की प्रश्न प्रथिन किती आहे हा नाहीच, त्याच्या जनुकात बिघाड आहे का हा आहे. बिघडलेला नळ एकच असला तरी घरभर पाणी होतं. चांगले दहा नळ असले म्हणून होत नाही. म्हणून डीएनए काढून तपासावा लागतो, आणि त्याला दिवस लागतात. आपल्याकडे अ‍ॅडेनोकार्सिनोमाच्या साधारण चौथ्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत रुग्णांत हा बिघाड सापडतो. युरोपीय वंशाच्या रुग्णांत तो बराच कमी दिसतो. सिगारेट न ओढणाऱ्यांत शक्यता आणखी वाढते. म्हणजे तुमच्या बाबांच्या बाबतीत हा रिपोर्ट नुसती औपचारिकता नाही. माझ्या मते त्या कागदावरची सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच, आणि नेमकी तीच अजून कोरी आहे.

आता ७० टक्के. काकांना या आकड्याने भुरळ घातली आहे, ते साहजिक आहे. पीडी-एल१ हे प्रथिन गाठीच्या पेशी आपल्या कवचावर मिरवतात आणि त्याच्या जोरावर शरीराच्या टी पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, ‘पुढे जा, इथे काही नाही’ असं सांगतात. पोलिसाला खोटं ओळखपत्र दाखवावं तसं. पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपीची औषधं ही दाखवादाखवी मोडतात. टी पेशींवरचे हे ब्रेक उलगडल्याबद्दल २०१८चं नोबेल जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना मिळालं. आम्ही काय मोजतो, तर गाठीच्या जिवंत पेशींपैकी किती जणींच्या कडेला रंग आहे. तो पूर्ण कडेभर असो वा अर्धवट, गडद असो वा फिका. १०० पैकी ७० जणींना आहे, म्हणून ७० टक्के. फुप्फुसाचा ७० टक्के भाग गेला, असा त्याचा अर्थ नाही. बरं होण्याची शक्यता ७० टक्के, असाही नाही. हे दोन्ही अर्थ मी माझ्या टेबलापलीकडे बसलेल्या लोकांच्या तोंडून ऐकले आहेत, आणि तेही एकाच दिवशी.

हा आकडा तितकासा कडक नाही, हे मी कबूल करते. किमान १०० पेशी मोजायला हव्यात. बारीक तुकड्यात त्या कशाबशा भरतात. मॅक्रोफेज इथेही तपकिरी होऊन मध्ये लुडबुडतात. एकाच गाठीचा एक कोपरा गडद आणि दुसरा कोरा असू शकतो. अँटिबॉड्याही वेगवेगळ्या : २२सी३, २८-८ आणि एसपी२६३ साधारण सारखा निकाल देतात, एसपी१४२ गाठीच्या पेशींत कमी रंग दाखवते. मी आणि माझे सहकारी एकाच स्लाइडवर ४५ आणि ५५ म्हणालेलो आहोत, चहा घेऊन पुन्हा बसलो तरीही. आणि नेमका ५० हाच उंबरठा आहे. तुमचे ७० उंबरठ्यापासून लांब आहेत, तेव्हा ‘हा आकडा मोठा आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

तो उंबरठा आला कुठून? २०१६मध्ये कीनोट-०२४ ही चाचणी प्रसिद्ध झाली. पीडी-एल१ ५० टक्के किंवा जास्त असलेल्यांना केमोऐवजी नुसतं पेम्ब्रोलिझुमॅब दिलं आणि ते सरस ठरलं. पाच वर्षांनी त्या गटातले जवळपास ३२ टक्के हयात होते, केमोच्या गटातले १६. काकांनी बहुधा हेच कुठे तरी वाचलं असणार. पण त्या चाचणीत ईजीएफआरचा नेहमीचा बिघाड किंवा एएलके असलेल्यांना घेतलंच नव्हतं. ती ओळ बातमीत येत नाही. ईजीएफआर बिघडलेल्या गाठीतही पीडी-एल१ भरपूर असू शकतो. पण तो बिघाडच त्याला वर ढकलत असतो, टी पेशींशी त्याचा संबंध थोडा. अशा गाठींवर इम्युनोथेरपी एकटी बहुतेक वेळा चालत नाही. आणि खरी भीती पुढे आहे. हे औषध शरीरात आठवड्यांनी, महिन्यांनी मोजावं इतका काळ परिणाम ठेवून राहतं. ते दिल्यावर थोड्याच दिवसांत ईजीएफआर पॉझिटिव्ह आला आणि ओसिमर्टिनिब ही त्या बिघाडावरची गोळी सुरू केली, तर फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. क्रम उलटा असेल, म्हणजे ओसिमर्टिनिब आधी, तर ही अडचण तशी दिसलेली नाही. म्हणून दहा दिवस. काकांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

ईजीएफआर निगेटिव्ह आला, आरओएस१ आणि बाकीचेही निगेटिव्ह आले, तर मग ७० हा आकडा तुमच्या बाजूचा. तेव्हा काका बरोबर ठरतील.

थोडं विषयांतर, कारण लोक मला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘नवा मार्कर सापडला’ अशा बातम्या सतत पाठवतात. ‘या प्रथिनावरून आयुष्य किती ते कळतं’ अशा दाव्यांकडे मी जरा संशयानेच बघते, आणि त्याला कारण आहे. २००६मध्ये ईआरसीसी१ नावाच्या प्रथिनाबद्दल एका नामांकित नियतकालिकात निबंध आला की, गाठीत हे नसेल तर ऑपरेशननंतर सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचा फायदा होतो, असेल तर नाही. आम्ही सगळे हरखलो. पुढे त्याच क्षेत्रातल्या संशोधकांनी पुन्हा तपासलं आणि २०१३मध्ये त्याच नियतकालिकात लिहिलं की तोच निकाल आता मिळत नाही. अँटिबॉडीची नवी खेप जुनीसारखी वागत नव्हती. शिवाय या प्रथिनाची चार रूपं असतात, त्यातलं एकच कामाचं. आणि बाजारातल्या १६ अँटिबॉड्यांपैकी एकीलाही ते वेगळं ओळखता येत नव्हतं. सात वर्षं. पेशी किती वेगाने वाढतात ते दाखवणाऱ्या केआय-६७चंही तसंच. अ‍ॅडेनोमध्ये त्याच्या टक्केवारीवर आज कुणी औषध ठरवत नाही. मात्र चुरगळलेल्या बायॉप्सीत कार्सिनॉइड या सावकाश वाढणाऱ्या गाठीला चुकून स्मॉल सेल म्हटलं जाऊ नये म्हणून तो सोन्यासारखा उपयोगी पडतो.

उलट बाजूही सांगते, नाहीतर मी जुनाट वाटेन. प्रथिन किती आहे हा मोडीत निघालेला प्रश्न आता दुसऱ्या दाराने परत आला आहे. अँटिबॉडीच्या शेपटीला केमोचा रेणू बांधलेली औषधं आली आहेत. त्यांना पेशीवर पकडायला भरपूर खुंट्या लागतात, बिघाड असो वा नसो. अमेरिकेत २०२४मध्ये एचईआर२ या प्रथिनाचा रंग ३ प्लस, म्हणजे सगळ्यात गडद, असलेल्या गाठींसाठी, आणि २०२५मध्ये सी-मेट प्रथिन खूप जास्त असलेल्या फुप्फुसाच्या गाठींसाठी अशा औषधांना परवानगी मिळाली. सी-मेटला किमान निम्म्या पेशींत गडद रंग हवा. बाबांना आज याची गरज नाही. पण दोन वर्षांनी लागेल तेव्हा ब्लॉकमध्ये काही उरलेलं असायला हवं.

म्हणून ब्लॉकबद्दल. तो तुमच्या घरातल्या सातबाऱ्याइतका जपा. प्रत्येक तपासणी त्यातला थोडा भाग खाते. ‘सगळं दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा करून घेऊ’ हा पुणेरी चोखंदळपणा इथे महागात पडतो. दुसरं मत हवं असेल तर जरूर घ्या, पण रंगवलेल्या स्लाइड्स पाठवा, तेच रंग पुन्हा टाकायला लावू नका. ब्लॉक न्यायचा झाला तर डबीत, सावलीत. एप्रिलमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून मंगळवार पेठेत जेवायला गेलेले एक गृहस्थ मला माहीत आहेत. मेण वितळलं नाही, पण कडेने बसलं आणि काप काढताना तुकड्याची वाट लागली.

पुन्हा बायॉप्सीची वेळ आलीच तर तुकडा सलाइनमध्ये नाही, फॉर्मलिनमध्ये जातोय ना, हे विचारायला लाजू नका. सहा तासांपेक्षा कमी मुरला तर रंग नीट उमटत नाहीत, ७२ तासांपेक्षा जास्त मुरला तर डीएनए तुटायला लागतो. एका वर्षी अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी काढलेला तुकडा रस्ते बंद म्हणून चौथ्या दिवशी आमच्याकडे पोचला. टीटीएफ-१ नीट आला, ईजीएफआर ‘डीएनए अपुरा’ म्हणून परत आला. त्या रुग्णाचं रक्त घेऊन तपासणी केली आणि सुदैवाने त्यात बिघाड सापडला. रक्तात सापडला तर धरून चालता येतं. नाही सापडला तर मात्र ‘नाही’ असं म्हणता येत नाही, पुन्हा तुकडाच लागतो. आणि हो, रक्तातला सीईए (कॅन्सरमध्ये वाढू शकणारं एक प्रथिन) हा वेगळा प्रकार. तो सिगारेट ओढणाऱ्या निरोगी माणसातही वाढतो. बाबांचा सीईए किती, यावरून आत्ता झोप उडवून घेऊ नका.

टीबीच्या गोळ्यांचा दीड महिना मनाला लागला असेल. एक्स-रेवरचा डाग आपल्याकडे आधी टीबीच वाटतो, आणि बऱ्याचदा असतोही. मला तो दोष कुणावर ढकलता येत नाही.

ईजीएफआरचा कागद आला की ‘पॉझिटिव्ह’ या शब्दावर थांबू नका, पुढचा ‘एक्झॉन’चा, म्हणजे जनुकाच्या तुकड्याचा, आकडा बघा. एक्झॉन १९मधली डिलिशन (तुकडा गळणं) किंवा एल८५८आर हा बदल असेल तर ओसिमर्टिनिबची गोळी. एक्झॉन २० इन्सर्शन (जास्तीचा तुकडा घुसणं) असेल तर नेहमीच्या गोळ्यांचा फारसा उपयोग नसतो आणि औषधं वेगळी. आणि त्याच दिवशी लॅबला दोन गोष्टी विचारा : आरओएस१ केलात का, आणि ब्लॉकमध्ये किती उरलंय.